सावडीचा दिवस

महाडजवळच्या माळावर बेघर कुटुंबांसाठी घरं उभी राहत होती. त्यांच्या कौलांचा दुसरा ट्रक माझ्या शब्दावर थांबला, हे पुण्यातल्या आमच्या मदत समितीत सगळ्यांना ठाऊक आहे. तो शब्द चुकीचा होता हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं, हे मात्र आजवर कुणालाच ठाऊक नाही. घरातसुद्धा नाही. यंदा कार्तिकात, काही वर्षांनी, मी पुन्हा तिकडे जाऊन आलो, आणि परतल्यावर वाटलं, आता लिहून टाकावं. रस्ता कसा, डोंगर कसे, जेवण कसं हेही सांगेन, कारण त्या वेळी मी ते सगळं पाहिलं होतं. फक्त सरळ नजरेनं पाहिलं नव्हतं.

वरंध घाट

ऐंशी साल उलटून गेलं होतं. पोलादपूर तालुक्यात कापड्याच्या वर डोंगरात एक वाडी होती. तिच्यावर आषाढात दरड आली. माणसं लावणीसाठी खाली खाचरांत होती म्हणून वाचली. घरं, गुरं, भांडीकुंडी गेली. त्यानंतर ती माणसं शाळेच्या पडवीत, पुलाखाली, एस.टी. स्टँडवर, जमेल तिथे राहिली. महाडच्या बौद्धवाडीतले एक शिक्षक, जाधव गुरुजी, त्यांना एकत्र करून घरं बांधवून घेत होते. बिरवाडीजवळ माळाची जागा मिळाली होती. माती आणि हात त्यांचे, कौलं आमची, असं ठरलं होतं. पहिला ट्रक गेला, आणि मग पुण्यात कानावर यायला लागलं की घरं तयार आहेत पण सगळ्यांना कुलपं आहेत, राहत कोणीच नाही.

अध्यक्ष मला म्हणाले, "तुम्हीच जा. समितीतले आहात असं मात्र सांगू नका."

मलाच का, तर माझी हयात सरकारी हिशेबतपासणीत गेलेली. माणूस चहा विचारतो म्हणजे काहीतरी लपवतो, हे माझं पोट भरण्याचं शहाणपण होतं. वैशाखात भोरवरून निघालो. घाटाच्या तोंडाशी गाडी थांबली तेव्हा एका बाईनं पळसाच्या द्रोणात करवंदं आणली. मी द्रोण उलटा करून खाली पाला भरलाय का ते पाहिलं. पाला नव्हता. मग वाटलं, वरची तेवढी पिकलेली असतील. खालचीही पिकलेलीच निघाली. तरी उतारावर ती खाताना आपल्याला कुठे फसवलंय याचा विचार मी करत होतो. एका बाजूला सरळ तुटलेला कडा, खाली दरीत उन्हानं पांढरी पडलेली झाडं, मधूनच एखादा फुललेला बहावा, आणि माझ्या डोक्यात करवंदं.

बिरवाडी

बिरवाडीच्या आसपास तेव्हा कारखाने नुकते उभे राहत होते. रस्त्यावर लोखंडी नळ्यांचे ढीग, परप्रांतातले जोडारी, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच गोष्ट: खोली. मी ठरवूनच आलो होतो की कुणी विचारलं तर पुतण्याला इथे नोकरी लागलीय, त्याच्यासाठी खोली बघतोय, असं सांगायचं. मला पुतण्या नाही.

एका हॉटेलात शिरलो. मालकाला सगळे बापूशेठ म्हणत. त्यांनी न विचारता पाण्याचा पेला पुढे केला.

"खोली ना? मग बरोब्बर जागी आलात. मागं माझ्याच खोल्या आहेत. पाणी दारात."

"तिकडे माळावरही नवी घरं दिसतात," मी म्हणालो.

बापूशेठनी टेबल पुसता पुसता आवाज खाली आणला. "आपण कुणाचं वाईट बोलू नये. पण राहायला घर नाही म्हणून रडायचं आणि घर झालं की कुलूप लावायचं, हे कशाला? कारखाने सुरू होऊ देत, एकेक कुलूप भाड्यानं उघडतं की नाही बघा. पुण्यातली खुळी माणसं कौलं धाडतायत, यांचं काय जातंय!"

त्या खुळ्या माणसांतला मी एक. झोंबलं. सांगणाऱ्याचा यात काय फायदा, हा माझ्या धंद्यातला पहिला प्रश्न. फायदा तर मागच्या बाजूला कुडाच्या भिंतींसकट उभा होता. तरी मी तो प्रश्न विचारला नाही. बापूशेठ माझ्यासारखे बोलत होते, त्यांचा पेला लखलखीत होता, आणि ते मला आपल्यातले वाटले. यापेक्षा दुसरं कारण नाही.

माळावर

माळ जवळच होता. आंब्याखाली गवतानं शाकारलेला एक लांब मांडव, त्याच्यातून निघणारा धूर, उघडी पोरं, कोंबड्या. आणि त्यामागे ओळीनं उभी लाल कौलांची घरं, प्रत्येकाच्या कडीला कुलूप. घरं कोरी आणि माणसं गवताखाली! ओळीच्या टोकाची दोन-तीन घरं तेवढी बिनछपराची होती. अगदी शेवटच्या घराची भिंत अजून चढत होती. बापूशेठ एका अक्षरानंही चुकले नव्हते.

भिंतीपाशी चिखल मळणारी एक बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. चाळिशीची असेल. कमरेला तारेत ओवलेला किल्ल्यांचा जुडगा. एवढ्या किल्ल्या मी फक्त आमच्या चाळमालकाकडे पाहिल्या होत्या.

"कोन वो तुमी? जमिनीचं मान्स का कंपनीचं?"

"खोली बघतोय. पुतण्यासाठी."

मांडवाच्या सावलीत दोर वळत बसलेला एक म्हातारा, त्याला सगळे रामाआजा म्हणत, खो-खो हसला. "हितं आमालाच खोली नाय, न् ह्यो पावना आमच्याकडं खोली मागतो! चंद्रे, दे गो एकादी!"

म्हणजे ही चंद्राबाई. मी अगदी भोळा चेहरा केला. "एवढी घरं रिकामीच दिसतात. एखादं भाड्यानं द्याल का?"

तिनं आधी माझे बूट पाहिले, मग तोंड. "भाड्यानं? देऊ की. पन आदी ही भित चढवू लागा. फुकटचं घर कोनाला नाय हितं."

सगळे हसले. मी हसलो नाही. मला जे हवं होतं ते मिळालं होतं: किल्ल्या कमरेला, आणि "देऊ की" तोंडात.

तिथून लगेच निघता आलं असतं, पण रामाआजानं माझी पिशवी फांदीला अडकवूनही टाकली होती. विटा हातोहात भिंतीपर्यंत नेण्याची ओळ लागली होती, तिच्यात मला उभं केलं. माझ्या पलीकडे चंद्राबाईची मुलगी शालू. उन्हात वाळवलेल्या त्या विटा दिसतात त्यापेक्षा जड. "धड धरा काका," शालू म्हणायची, "छातीशी कवटाळू नका, गनपती नाय तो." थोड्या वेळानं एक वीट सुटलीच, आणि माझ्या पायाच्या अंगठ्यावर पडून दुभंगली. माझ्या तोंडातून जे निघालं ते ऐकून बायकांनी पदर तोंडाला लावले. चंद्राबाईनं हळद-चुना गरम करून लावला, आणि मला जेवायला बसवलं.

नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, निखाऱ्यावर भाजलेल्या बोंबलाचा तुकडा. आमच्याकडे कुळीथ म्हणजे आजाऱ्याचं खाणं. इथल्या पिठीत आमसूल आणि लसूण असा काही उतरला होता की वासानंच भूक लागावी. पण भाकरीवर माझा हात अडला. का अडला ते मला ठाऊक होतं, आणि त्यांनाही.

चंद्राबाई म्हणाली, "खावा. ईट जात इचारून पडली का पायावर?"

मी खाल्लं. दुसरी भाकरीही घेतली.

निघताना ती म्हणाली, "आज तुमी आमच्या भितीला हात लावलात. सावडीत तुमचा एक दिस आमच्यावर चढला. पुतन्याचं घर बांदाल तवा सांगा, आमी येऊ."

सावड म्हणजे हाताची फेड हातानं: आज तू माझ्या कामाला, उद्या मी तुझ्या. मी ऐकून घेतलं आणि मनात म्हटलं, बाई पक्की आहे. गिऱ्हाईक बांधून ठेवते.

महाड

संध्याकाळच्या आत महाडला आलो. पोस्टात जाऊन पुण्याला ट्रंककॉल लावला. ओरडून बोलावं लागत होतं. आजूबाजूचे लोक ऐकत होते.

"कौलं धाडू नका. घरं कुलूपबंद आहेत. एका बाईच्या कमरेला सगळ्या किल्ल्या. भाड्यानं देऊ म्हणाली, माझ्या तोंडावर!"

तारेच्या त्या टोकाला अध्यक्ष म्हणाले, "वाटलंच होतं. शाबास."

त्या शाबासकीवर मी खानावळीत मनापासून जेवलो. मग सावित्रीच्या काठी जाऊन बसलो. उन्हाळ्यानं नदी आटली होती, दगड उघडे पडले होते, पलीकडे बायका धुण्याच्या पिळ्या खांद्यावर टाकून घरी निघाल्या होत्या. अंगठा ठणकत होता. तोही मला पुरावाच वाटत होता.

पोलादपूर आणि कापडे

सगळंच पोकळ असेल तर दरडही खोटी असायची, म्हणून दुसऱ्या दिवशी पोलादपूरची गाडी धरली. शेजारी पांढऱ्या लेंग्या-सदऱ्यातले एक गृहस्थ बसले. मांडीवर करवत, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

"काल माळावर तुम्हीच होता ना? पाय कसा आहे?" त्यांनी विचारलं. "मी जाधव. मुलं गुरुजी म्हणतात."

माझ्या पाळतीवर आले की काय! पण ते कापड्याला निघाले होते. दरडीतून एखादा वासा मिळतो का ते बघायचं होतं त्यांना. मी म्हणालो, मलाही तो भाग बघायचाय. त्यांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं.

"तुम्ही सरकारचे तर नाही?"

"छे. साताऱ्याकडचा."

पोलादपूरला उतरून पुढे कापड्यापर्यंत ट्रकनं, मग पायी. खाली भाताची खाचरं भाजून काळी केलेली, पेरणीची वाट बघत. वरच्या अंगाला डोंगराची कातडी सोलावी तसा तांबडा पट्टा. जवळ गेलो तेव्हा त्यावर गवत आणि कुडा उगवलेला दिसला. मातीतून एका जात्याची वरची तळी अर्धी बाहेर आली होती. खुंट्याच्या भोकात मुंग्यांनी घर केलं होतं. दरड खरी होती.

गुरुजींनी मातीत रुतलेला एक वासा हेरला आणि आम्ही दोघांनी मिळून तो ओढायला घेतला. दम खाताना ते म्हणाले, "काका, पुतण्याला खोली तिकडे नका शोधू. मिळायची नाही."

"पण बाई तर देऊ म्हणाल्या."

गुरुजी असे हसले की त्यांना खालीच बसावं लागलं. "चंद्राबाई? अहो, चेष्टा केली त्यांनी तुमची! ज्या घरात त्या स्वतः पाऊल टाकत नाहीत, ते तुम्हाला देतील?"

"मग कुलपं कशाला?"

"कोणी आत जाऊ नये म्हणून. आधी आम्ही नदीकाठी झोपड्या बांधत होतो. ज्याची झाली तो आत गेला आणि दुसऱ्याच्या कामाला परत आलाच नाही. माणूस वाईट नसतो हो. डोक्यावर छप्पर आलं की अंगातला थकवा वर येतो. निम्मी तशीच राहिली, पहिल्या पुरात गेली. मग चंद्राबाई म्हणाल्या, आता शेवटच्या घरावर कौल चढेपर्यंत पहिल्या घरात चूल पेटवायची नाही. सगळ्यांनी किल्ल्या त्यांच्याकडे दिल्या. आणि स्वतःचं घर त्यांनी सगळ्यात शेवटी घेतलं."

"शेवटी का?"

"नियम करणारीनं आधी आत जाऊ नये म्हणून. त्यांच्याच ओटीवर माझा संध्याकाळचा वर्ग बसायचाय. कामावरून येणारी मुलं, बायका. रामाआजासुद्धा पाटी घेऊन येणार म्हणतो." त्यांनी वर आभाळाकडे पाहिलं. "कौलांचा दुसरा ट्रक पावसाआधी आला म्हणजे झालं. मातीच्या भिंती आहेत, काका. छपराशिवाय एक पाऊस काढायच्या नाहीत."

मी वाशाचं दुसरं टोक धरून डोंगर उतरलो. वाटेत आमची पुण्याची सोसायटी डोळ्यापुढे येत होती. तिथे अर्ध्या गिलाव्यात वास्तुशांत उरकून राहायला जायची चढाओढ असते. मीही पहिल्या तिघांत होतो. वरच्या मजल्याचं काम अडलं, तेव्हाच्या एकाही बैठकीला मी गेलो नाही.

पुन्हा महाड

पोस्ट उघडं होतं. ट्रंककॉलच्या रांगेत मी उभाही राहिलो. सांगायचं एवढंच होतं: माझं चुकलं, कौलं धाडा. पण पुढची माणसं सरकू लागली तशी ती शाबासकी आठवली. काल ओरडून 'नको' म्हटलं, आज ओरडून 'हो' म्हणायचं? अध्यक्ष काय म्हणतील? मग माझा जुना धंदा मदतीला आला. गुरुजींनी मला ओळखून तर हे सगळं रचलं नसेल? बरोबर माझ्याच शेजारी येऊन बसले ते! त्यांच्याबरोबर मातीतून ओढलेला वासा मी स्वतः उचलला होता, तरी मी हा विचार केला. तो मला पटला नव्हता, सोयीचा होता. माझा नंबर आला तेव्हा मी रांगेतून बाहेर पडलो, समोर जाऊन चहा घेतला, आणि पुण्याची गाडी धरली.

समितीत म्हणालो, "अजून चौकशी व्हायला हवी." चौकशी होते आहे तोवर मृग लागला आणि घाटात दरडी यायला लागल्या. श्रावणात गुरुजी पुण्याला आमच्या कार्यालयात आले. बाहेरच्या बाकावर बसलेले मला दारातून दिसले. मांडीवर भिजलेली छत्री होती. मी मागच्या जिन्यानं उतरून गेलो.

यंदा, बिरवाडी

कार्तिकातला घाट वेगळाच असतो. झऱ्यांचं पाणी अजून रस्त्यावर येत होतं, कड्यांवर सोनकी पिवळी धमक फुलली होती. ह्या वेळी करवंदं नव्हती. ओल्या शेंगा घेतल्या, आणि पुडी तपासली नाही.

माळावरची घरं आता राहती आहेत. कौलं काळवंडलीत, दारांना रंग आहे, दोन-तीन घरांत वीज आलीय, दप्तरं घेतलेली पोरं शाळेतून येत होती. बिनछपराच्या घरांपैकी दोघांनी गवत घालून ते वर्ष निभावलं आणि पुढे कौलं चढवली. ओळीच्या टोकाला मात्र नुसतं जोतं आहे. त्यावर दुधीचा वेल गेलाय. रामाआजा वारला असं एका बाईनं सांगितलं. चंद्राबाई कुठे, विचारल्यावर ती म्हणाली, "ती आता हितं नाय. बिरवाडीत भाड्यानं र्‍हाते, बापूशेटच्या खोलीत."

मी हॉटेलच्या मागे गेलो. चंद्राबाई उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसली होती. केस पांढरे झालेत. शेजारी कारखान्यातल्या झाडूकामाची निळी साडी वाळत होती. तिनं मला बघितलं, सूप बाजूला ठेवलं, आणि हसली.

"ईटवालं काका नव्हं तुमी? अंगठा बरा हाय ना? पुतन्या लागला का कामाला?"

मी म्हणालो, "लागला."

तिनं चहा टाकला. मी विचारलं नाही तरी बोलत राहिली. कौलं आली नाहीत; आज येतील, उद्या येतील म्हणून सगळे मांडवात थांबले. पाऊस आला. "सुभद्रा बाळंतीन झाली. मांडव गळाय लागलेला. पोराच्या अंगावर पानी. म्याच किल्ली काडून दिली तिला, ऱ्हा म्हनलं आत. मंग दुसरीचं पोर तापलं, तिला दिली. मंग कोनाला नाय कसं म्हनायचं? घरात गेल्यावर कोन येतंय वो भर पावसात दुसऱ्याच्या भितीवर गवत टाकाया? मी कोनाला दोस देत नाय. नेम माजा, मोडलाबी मीच." तिनं दुधाचा ऊत फुंकरीनं खाली बसवला. "माज्या घराची भित एका रातीत बसली. गुर्जींच्या वर्गाला मंग जागाच नाय ऱ्हायली. शालूनं लई हट्ट केला, पन सातवीतनं सुटली शाळा. आता मुंबईत हाय, धुन्याभांड्याला."

"कौलं का नाही आली?" हे मी का विचारलं, मला सांगता येणार नाही. तिला माहीत आहे का, एवढंच बघायचं असेल. सवय सुटत नाही.

"पुन्याच्या लोकांनी तोंडाला पानं पुसली. काय झालं कोन सांगनार? गुर्जी जाऊन बसलं तिकडं दिसभर, कोन भेटलं नाय. तुमाला काय वाटतं वो, शिकल्याली मान्सं अशी का करत असतील?"

सांगायची हीच वेळ होती. शब्द तोंडाशी आले होते. मी म्हणालो, "भट्टीवरच उशीर झाला असेल."

"आसंल," ती म्हणाली, आणि कप माझ्या हातात दिला.

गाडीची वेळ झाली म्हणून उठलो. ती रस्त्यापर्यंत पोचवायला आली. बापूशेठ गल्ल्यावर होते. त्यांनी मला ओळखलं नाही. गाडी आली तेव्हा चंद्राबाई म्हणाली, "काका, सावडीचा तुमचा दिस अजून आमच्याकडं बाकी हाय बरं. मी इसरले नाय. पुतन्यानं घर बांदलं की कळवा. हात चालतायत तवर फेडून टाकते."

गाडी घाटाला लागली तेव्हा मी खिडकीबाहेर पाहत नव्हतो.

तिचं माझ्याकडे काहीही देणं नाही. तिच्या घराचं छप्पर मी देणं लागतो, आणि ते मी अडवलं होतं हे तिच्यासमोर उभं राहून सांगणं देणं लागतो. ह्यातलं काहीही मी अजून फेडलेलं नाही.